निर्णयासोबत त्याची कारणेही जाहीर करा : धोरणकर्त्यांना एक खुले पत्र

प्रति,
धोरणांचे मसुदे तयार करणारे अधिकारी आणि त्यांना मंजुरी देणारे लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

एखादा नवा नियम, योजना किंवा कायदा जाहीर होतो तेव्हा त्याच्या प्रास्ताविकात दोन विधाने ठरलेली असतात. हा निर्णय तज्ज्ञांच्या अभ्यासाच्या आधारे घेतला आहे, हे पहिले. आणि तो घेताना नागरिकांच्या सूचना विचारात घेतल्या आहेत, हे दुसरे. कोणता अभ्यास, कोणाच्या सूचना, आणि त्यांच्यामुळे मूळ मसुद्यातले नेमके कोणते कलम बदलले, याचा पत्ता मात्र पुढच्या पानांत लागत नाही. माझी मागणी एवढ्या एकाच जागेपुरती आहे आणि ती सुरुवातीलाच मांडते. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासोबत त्याच्या कारणांची एक नोंद प्रसिद्ध व्हावी. आपण कोणते पुरावे पाहिले, लोकांनी काय सांगितले, त्यातले काय स्वीकारले, काय नाकारले आणि कशासाठी, हे तिच्यात कोणालाही कळेल अशा भाषेत लिहिलेले असावे.

मसुदे, त्यांवर आलेले अभिप्राय आणि त्यांच्या समर्थनार्थ दिलेले संशोधन वाचून त्यांचे सारांश लिहिणे हे माझे काम आहे. त्यामुळे एक गैरसमज आधीच दूर करते. राज्यकारभार तज्ज्ञांच्या हाती द्यावा, असे माझे म्हणणे नाही. अमुक उपाय केला तर अपघात किती कमी होतील, याचा अंदाज संशोधन देऊ शकते. तेवढे अपघात टाळण्यासाठी किती खर्च करावा आणि त्याचा भार कोणी उचलावा, हे ते ठरवू शकत नाही. तो मूल्यांचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच लोकांनी आपल्याला निवडून दिले आहे. अडचण होते ती या दोहोंची सरमिसळ झाल्यावर. मुळात राजकीय असलेली निवड ‘विज्ञान असे सांगते’ म्हणून पुढे केली जाते, आणि मोजून पाहण्यासारखी गोष्ट मात्र लोकभावनेवर सोडून दिली जाते. ‘पुरावा या बाजूचा आहे हे आम्हाला माहीत आहे, तरीही पुढील कारणांसाठी आम्ही वेगळा निर्णय घेत आहोत’, असे स्पष्ट लिहिणारे सरकार मला कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटेल.

कारणे लिहून काढण्याची सक्ती नसली की काय होते, याचे एक उदाहरण वैद्यकातले आहे. तान्ह्या बाळाला पालथे झोपवावे, असा सल्ला विसाव्या शतकाच्या मध्यापासून अनेक दशके पाश्चात्त्य देशांतले डॉक्टर आणि बालसंगोपनाची पुस्तके देत होती. बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकणार नाही, हा त्यामागचा तर्क ऐकणाऱ्याला पटण्यासारखाच होता. पालथ्या झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेतच अचानक मृत्यू होण्याचे प्रमाण अधिक आढळते, असे दाखवणारे अभ्यास या काळात सुटे सुटे प्रसिद्ध होत राहिले. परंतु बाळांना पालथे झोपवू नका, असे सांगणारी सार्वजनिक मोहीम ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये सुरू व्हायला 1991 साल उजाडले आणि अमेरिकेत 1994. मोहिमांनंतर हे मृत्यू झपाट्याने कमी झाले. पुढे 2005 मध्ये संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तेव्हा धोक्याचा पुरेसा पुरावा 1970 मध्येच हाती होता, असे दिसून आले. तो तेव्हाच एकत्रित पाहिला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये 10,000 हून अधिक, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड मिळून किमान 50,000 बालमृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा अंदाज आहे.

या प्रकरणात कोणी पुरावा दडपला नव्हता, सल्ला देणाऱ्यांचा कोणताही स्वार्थ नव्हता. आपण हे कशाच्या आधारावर सांगतो आहोत, हा प्रश्न कागदावर मांडून त्याचे उत्तर शोधण्याचे बंधन मात्र कोणावरच नव्हते. लिहायला बसल्यावर आधाराची जागा रिकामी दिसते आणि ती भरण्यासाठी माणूस शोधाला लागतो. म्हणूनच मी मागत असलेली नोंद आमच्यासाठी जितकी उपयोगी आहे, तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, ती मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आहे.

स्वार्थ गुंतलेला असतो तिथे गोष्ट अधिक बिकट होते. इंजिनातला ठोका कमी करण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची पद्धत अमेरिकेत 1920 च्या दशकात सुरू झाली. ते संयुग हाताळणारे न्यू जर्सीतल्या कारखान्यातले कामगार 1924 मध्ये विषबाधेने दगावले. दुसऱ्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या सरकारी परिषदेत, व्यवसायजन्य आजारांच्या अभ्यासक ॲलिस हॅमिल्टन यांनी आणि इतरांनी धोक्याचा इशारा स्पष्ट शब्दांत दिला. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे या विषयावरचे बहुतेक संशोधन उद्योगाच्याच पैशावर, मुख्यतः त्या उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट केहो यांच्या देखरेखीखाली चालले. अपाय होतो हे आधी सिद्ध करा, तोवर विक्री चालू राहील, ही त्यामागची भूमिका होती. पृथ्वीचे वय मोजण्यासाठी शिशाच्या अतिसूक्ष्म नोंदी घेणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1965 मध्ये दाखवून दिले की माणसाच्या शरीरातले जे प्रमाण ‘सामान्य’ समजले जात होते, ते नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट होते. वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया ठरला आणि तिथली विक्री 2021 मध्ये थांबली. पहिल्या इशाऱ्यानंतर जवळपास शंभर वर्षे गेली होती.

‘अपाय झाल्याचा पुरावा आढळला नाही’ हे वाक्य शासकीय कागदांत आजही सर्रास आढळते. तो पुरावा शोधला होता का, कोणी शोधला आणि त्यासाठी पैसे कोणाचे होते, हे त्या वाक्यालगत लिहिलेले नसेल तर वाक्य खरे असूनही दिशाभूल करणारे ठरते. उद्योगाच्या पैशावर झालेले प्रत्येक संशोधन खोटे असते, असा माझा आरोप नाही. वाचणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे, एवढेच.

आता लोकसहभागाकडे वळते. पुरावा तज्ज्ञांकडे असतो आणि लोकांकडे केवळ मते व भावना असतात, अशी आपल्या कार्यपद्धतीमागची धारणा दिसते. म्हणून तज्ज्ञ समितीची बैठक आधी होते, मसुदा ठरतो आणि मग लोकांपुढे येतो. ही धारणा किती महागात पडू शकते, हे इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रिया परगण्यातल्या मेंढपाळांचे प्रकरण सविस्तर पाहिले की लक्षात येते. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे.

एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. मे महिन्यात तिथून आलेल्या ढगांतून कंब्रियाच्या डोंगरांवर पाऊस पडला आणि त्याबरोबर किरणोत्सारी सीझियम गवतावर उतरले. 20 जूनला सरकारने तिथल्या मेंढ्या हलवण्यावर आणि कापण्यावर बंदी घातली, आणि ती सुमारे तीन आठवडे राहील असे सांगितले. सीझियम जमिनीत मुरले की मातीच्या कणांना घट्ट चिकटते आणि पुन्हा गवतात येत नाही, हा शास्त्रज्ञांचा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती, पण तो चिकणमातीच्या जमिनीचा होता. कंब्रियाच्या माथ्यावरची जमीन आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची. तिथे सीझियम मोकळे राहते, मुळांवाटे पुन्हा गवतात येते आणि गवतातून मेंढीत. तीन आठवडे उलटले आणि बंदी बेमुदत झाली. त्या भागातले शेवटचे निर्बंध उठले 2012 मध्ये.

माझ्या दृष्टीने खरा बोध मधल्या काळातल्या एका प्रयोगात आहे. बेंटोनाइट नावाची खनिज माती गवतावर पसरली तर सीझियम शोषले जाईल का, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी डोंगरउतारावर निरनिराळे तुकडे आखले, त्यांवर कमीअधिक माती टाकली आणि प्रत्येक तुकड्याला कुंपण घालून आत मेंढ्या सोडल्या. मेंढपाळ म्हणाले, आमच्या मेंढ्या मोकळ्या डोंगरावर चरतात. कोंडून ठेवल्या तर त्या खंगतील आणि तुमची मोजमापे निरर्थक होतील. त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे प्रयोग गुंडाळावा लागला आणि कारण जवळपास तेच होते. मेंढपाळांचा हा आक्षेप प्रयोगाच्या रचनेतला दोष दाखवणारा होता. एखाद्या नियतकालिकाच्या परीक्षकाने तो लेखी कळवला असता तर प्रयोग तिथेच दुरुस्त झाला असता. त्यांनी तो कुंपणाजवळ उभे राहून तोंडी सांगितला, म्हणून तो ‘स्थानिकांची नाराजी’ या सदरात जमा झाला.

याची भरपाई केवळ मेंढ्यांच्या पैशात होत नाही. जवळच सेलाफिल्डचा अणुप्रकल्प होता आणि 1957 मध्ये तिथे मोठी आगही लागली होती. तीन आठवड्यांचा अंदाज इतक्या ठामपणे सांगून तो खोटा ठरल्यावर, जमिनीतले सीझियम सेलाफिल्डचे नसून चेर्नोबिलचेच आहे हा खुलासाही अनेक मेंढपाळांना पटेना. अंदाज सांगतानाच त्यातली अनिश्चितता सांगितली असती आणि तो कोणत्या मातीसाठी आहे हे उघड केले असते, तर ‘आमची माती तशी नाही’ असे सांगणारे तिथेच हजर होते.

संशोधनाचे निष्कर्ष एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे लावतानाही हीच गफलत होते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात एक मोठा आणि नीट आखलेला प्रयोग झाला. लहान मुलांच्या काही वर्गांत 13 ते 17 मुले ठेवली, काहींत नेहमीप्रमाणे 22 ते 25, आणि कोणते मूल व कोणता शिक्षक कोणत्या वर्गात जाईल हे सोडतीने ठरवले. लहान वर्गांतल्या मुलांची प्रगती स्पष्टपणे चांगली दिसली. शिक्षणक्षेत्रात इतका भक्कम पुरावा सहसा मिळत नाही. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये राज्यभर पहिल्या काही इयत्तांतली पटसंख्या 20 पर्यंत खाली आणण्याचा निर्णय घेतला आणि शाळांनी तो विलक्षण वेगाने अमलात आणला. एकदम हजारो जादा शिक्षक लागले, पूर्ण पात्रता नसलेल्यांची भरती झाली, ग्रंथालयांच्या आणि इतर उपक्रमांच्या खोल्या वर्गांसाठी घ्याव्या लागल्या, आणि चांगल्या शाळांत नव्या जागा निघाल्याने गरीब वस्त्यांतल्या शाळांमधून अनुभवी शिक्षक निघून गेले. नंतरच्या मूल्यमापनात पटसंख्या कमी केल्याचा ठाम लाभ दाखवता आला नाही.

टेनेसीच्या प्रयोगात सहभागी शाळांकडे खोल्या होत्या आणि शिक्षकही होते. तो प्रयोगाचा न लिहिलेला आधार होता. कॅलिफोर्नियात तो आधार नाही, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला खोल्या मोजून सांगता आले असते. एखादा उपाय दुसरीकडे का चालला, हे संशोधनातून कळते. तो इथे चालण्यासाठी काय कमी पडते आहे, हे तो रोज राबवणाऱ्या आणि भोगणाऱ्या माणसांकडून कळते. म्हणून अभ्यासाची फाइल एका टेबलावर आणि हरकतींचा गठ्ठा दुसऱ्या टेबलावर ठेवण्याची पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. दोन्ही एकत्र, आणि निर्णय पक्का होण्याआधी वाचायला हवेत.

आजच्या सल्लामसलतीचे रूप आपण जाणताच. काही शे पानांचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यातली व्याख्यांची कलमे वकिलालाही दोनदा वाचावी लागतात, आणि हरकती पाठवण्याची मुदत संपते तेव्हा ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांतल्या बहुतेकांना मसुदा निघाल्याचेच माहीत नसते. मुदतीनंतर कधीकधी एक तक्ता निघतो. पहिल्या रकान्यात कलम, दुसऱ्यात आलेली सूचना, तिसऱ्यात विभागाचा अभिप्राय. मी असे तक्ते वाचत आले आहे आणि तिसरा रकाना वाचताना हताश व्हायला होते : ‘नोंद घेतली’, ‘धोरणाशी सुसंगत नाही’, ‘योग्य वेळी विचार केला जाईल’. एका तक्त्यात, पावसाळ्यात वाहतूक बंद असणाऱ्या रस्त्यांची यादी जोडून कोणीतरी विचारले होते की या काळात नोंदणी केंद्रापर्यंत पोचायचे कसे. समोर लिहिले होते, ‘नोंद घेतली’. केंद्राच्या वेळा बदलल्या का, नोंदणीची मुदत वाढवली का, की हा प्रश्न दुसऱ्या विभागाचा आहे म्हणून पुढे पाठवला, काहीच कळायला मार्ग नाही. यादी करणाऱ्याने पुढच्या वेळी कष्ट घ्यावेत तरी कशासाठी?

सूचनांची संख्या मोजून सहभाग सिद्ध करण्याचा मोह तर कृपया टाळावा. इंटरनेट सेवेच्या नियमांबाबत अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 2017 मध्ये अभिप्राय मागवले, तेव्हा ते 2 कोटी 20 लाखांच्या घरात आले. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी करून 2021 मध्ये अहवाल दिला की त्यातले जवळपास 1 कोटी 80 लाख बनावट होते. सुमारे 85 लाख अभिप्राय इंटरनेट कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून, लोकांच्या नावांचा त्यांच्या नकळत वापर करून आले होते. आणि दुसऱ्या बाजूने 77 लाख अभिप्राय एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने काल्पनिक नावांनी पाठवले होते. अभिप्राय म्हणजे मतदान नव्हे. मसुदा लिहिणाऱ्याला माहीत नसलेली गोष्ट सांगणारे एक पत्र, एकाच मजकुराच्या लाखभर पत्रांपेक्षा अधिक मोलाचे असते, आणि ते पत्र शोधून काढायचे तर प्रत्येक मुद्द्याला उत्तर देण्याची शिस्तच लागते.

लोकांपुढे पुरावा नीट ठेवला आणि त्यांना पुरेसा वेळ दिला तर ते काय करू शकतात, हे आयर्लंडमध्ये दिसले. गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्तीचे काय करायचे, या प्रश्नाला हात लावायला तिथले राजकीय पक्ष वर्षानुवर्षे कचरत होते. 2016 मध्ये एका न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली 99 नागरिकांची सभा सोडतीसारख्या पद्धतीने निवडली गेली. तिने पाच शनिवार-रविवार या एका विषयाला दिले, डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, नीतिशास्त्रज्ञ आणि दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते यांचे म्हणणे ऐकले, त्यांना प्रश्न विचारले आणि मतदान घेऊन शिफारशी केल्या. हा विषय लांबणीवर टाकण्याचा डाव आहे, अशी टीका तेव्हा झाली होती आणि ती अगदीच निराधार नसावी. पण सभेचे कामकाज लोकांना थेट पाहता येत होते, शिफारशींवर संसदेच्या समितीने स्वतंत्र चर्चा केली आणि मग 25 मे 2018 रोजी सार्वमत झाले, त्यात 66.4 टक्के मतदारांनी बंदी हटवण्याच्या बाजूने कौल दिला. निकाल कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही. शिफारस आल्यावर ती कुठे जाईल आणि तिच्यावर कोण उत्तर देईल हे ठाऊक होते, हा माझ्यापुरता महत्त्वाचा भाग.

फ्रान्सचा अनुभव याच्या उलट आहे. हवामानबदलावर उपाय सुचवण्यासाठी 2019 मध्ये तिथे 150 नागरिकांची परिषद नेमली गेली आणि तिच्या शिफारशी कोणतीही चाळणी न लावता संसदेपुढे, सार्वमतासाठी किंवा थेट अंमलबजावणीसाठी पाठवू, असे राष्ट्राध्यक्षांनी आश्वासन दिले. परिषदेने 149 शिफारशी दिल्या. मग त्यांतल्या काही वगळल्या गेल्या, अनेक सौम्य केल्या गेल्या. 2021 च्या सुरुवातीला सदस्यांनी सरकारच्या प्रतिसादाला गुण दिले, तेव्हा दहापैकी सरासरी साडेतीनही मिळाले नाहीत. सरकारला काही शिफारशी नाकारण्याचा अधिकार होताच, मात्र जे आधी सांगितले त्याच्याशी नंतरचे वागणे जुळले नाही. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी केवळ देखावा आहे आणि वरच्या टोकाला प्रत्यक्ष अधिकार. मधल्या पायरीवर उभे राहणे गैर नाही. लोकांना फक्त सल्ला देण्यासाठी बोलावले असेल तर तसे सांगावे. वरच्या पायरीचे आमंत्रण देऊन खालच्या पायरीवर थांबवू नये.

माझ्या क्षेत्रातल्या मंडळींनाही यात सूट देता येणार नाही. निर्णय झाल्यावर वर्षभराने येणारा अहवाल, सदस्यत्वाचे शुल्क भरल्याशिवाय न उघडणारे निबंध, आणि प्रत्येक वाक्याला इतक्या अटी की अधिकाऱ्याने त्यातून घ्यावे काय हेच समजू नये, हे आमचे दोष आहेत. एका अभ्यासाचा निष्कर्ष एखाद्या पत्रपरिषदेत अंतिम सत्यासारखा सांगून टाकणारेही आमच्यातच आहेत. संशोधनाचा प्रभाव बहुधा एखाद्या अहवालातून थेट पडत नाही, तो हळूहळू झिरपतो आणि प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टीच बदलतो, असे समाजशास्त्रज्ञ कॅरोल वाइस यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले होते. ते खरे आहे; पण झिरपणाऱ्या पाण्याबरोबर काय काय येते हे तपासायचे तर ते कुठे तरी उघड्यावर यावे लागते.

ही मागणी जगावेगळी नाही. अमेरिकेत 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने नियम करणाऱ्या यंत्रणेवर नियमाचा आधार आणि हेतू थोडक्यात सांगण्याचे बंधन घातले, आणि महत्त्वाच्या हरकतींना उत्तर दिले नाही तर न्यायालये असे नियम रद्द करत आली आहेत. भारतातही केंद्र सरकारने 2014 मध्ये स्वीकारलेल्या कायदेपूर्व सल्लामसलत धोरणात, मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश प्रसिद्ध करावा, असे म्हटले आहे. मला हवी आहे ती त्यापुढची एक पायरी, सारांशापुढे उत्तर. एकसारख्या हजार सूचनांना एकच उत्तर पुरेल, मात्र ते त्या मुद्द्याचे असावे. पुराव्यांची यादी देताना विरोधी निष्कर्षांचे अभ्यासही त्यात असावेत, प्रत्येकाचा अर्थपुरवठा कोणी केला हे लिहिलेले असावे, आणि जिथे पुरावाच नाही तिथे ‘पुरावा नाही, अनुभवाच्या आधारे ठरवले’ असे निःसंकोच लिहावे. आणि शेवटी एक तारीख असावी, ज्या दिवशी हा निर्णय अपेक्षित परिणाम देतो आहे का हे तपासले जाईल.

या तारखेबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण तीच सर्वांत आधी गळते. मेक्सिकोने 1997 मध्ये गरीब कुटुंबांना, मुलांची शाळेतली हजेरी आणि आरोग्य तपासणी यांच्या अटीवर, रोख मदत देणारी प्रोग्रेसा योजना सुरू केली. सगळ्या गावांना एकदम पैसे पुरणार नव्हते, या अडचणीचाच तिथे उपयोग केला गेला. निवडलेल्या 506 गावांपैकी 320 गावांत सोडतीने मदत आधी सुरू झाली, 186 गावांत नंतर, आणि दोहोंतला फरक बाहेरच्या संशोधन संस्थेने मोजून जाहीर केला. 2000 मध्ये सत्तेवर दुसरा पक्ष आला. नवे सरकार आले की जुन्या सरकारची योजना बंद, हा तिथला रिवाज असतानाही ही योजना नाव बदलून चालू राहिली, विस्तारली, आणि त्यात जाहीर झालेल्या निष्कर्षांचा मोठा वाटा होता. 2019 मध्ये आणखी एका सरकारने ती बंद केली, म्हणजे पुरावा हे अमरत्वाचे वरदान नाही. परंतु बंद करणाऱ्यालाही लोकांनी विचारले की यातले काय फसले होते, आणि हा प्रश्न विचारता आला तो मोजणी झाली होती म्हणूनच.

आपल्याकडून येणारे आक्षेप मी ऐकलेले आहेत. वेळ नाही, हा पहिला. साथ किंवा पूर आला असता आठवडाभर कारणे लिहीत बसता येत नाही, हे मान्यच आहे; तेव्हा निर्णय आधी घ्यावा, नोंद अर्ध्या पानाची करावी आणि फेरविचाराची तारीख जवळची ठेवावी. कंब्रियाची बंदीही घाईची होती आणि तशी ती योग्यच होती. तीन आठवड्यांनंतर काय तपासायचे आणि कोणाला विचारायचे, हे मात्र ठरलेले नव्हते. दुसरा आक्षेप असा की लिहिलेली कारणे न्यायालयात आपल्याच विरुद्ध वापरली जातील. तसे होईल. पण न लिहिलेल्या कारणांबद्दलही लोक न्यायालयात जातातच, आणि तिथे उत्तर तयार करण्यासाठी जुन्या फाइली उपसाव्या लागतात, ज्या अधिकाऱ्याने मसुदा केला त्याची बदली झालेली असते. तिसरा आक्षेप कोणी उघड मांडत नाही : कारणे लिहिली तर तडजोडी दिसतील. त्या दिसाव्यात. तडजोड करणे हा राजकारणाचा दोष नसून त्याचे कामच आहे, आणि कोणत्या दोन गोष्टींमध्ये ती केली हे कळले तर विरोध करणाराही निदान नेमक्या मुद्द्यावर विरोध करील.

सगळ्या विभागांनी एकाच दिवशी हे सुरू करावे, अशी अपेक्षा नाही. सध्या हरकतींसाठी खुला असलेला एखादा मसुदा निवडावा, मुदत संपल्यावर तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात ‘नोंद घेतली’ हे शब्द वापरायचे नाहीत एवढा नियम करावा, आणि अंतिम निर्णयाच्या दिवशीच तो तक्ता कारणांसह प्रसिद्ध करावा. पहिली नोंद अपुरी असेल, तिच्यातले काही आधार कच्चे निघतील. तसे वाटले तर आम्ही कलम-क्रमांक देऊन लेखी कळवू, आणि त्या पत्रालाही उत्तर मागू.

कळावे,

आपली विश्वासू,
सार्वजनिक धोरणांच्या मसुद्यांची एक वाचक